शून्य की ओ? एका मापाच्या अक्षरांची झडती

गोरेगाव म्हटलं की मुंबईकराला लोकल आठवते, नाहीतर फिल्मसिटी. आपल्याला जायचंय त्या गोरेगावाला लोकल जात नाही. हे सेनगाव तालुक्यातलं, हिंगोली जिल्ह्यातलं, गाड्यांच्या पाटीवर एमएच ३८ मिरवणारं गोरेगाव. तिथल्या एखाद्या घरात शिरून ‘मोनोस्पेस फॉन्ट आहे का हो?’ असं विचारलंत, तर ‘पलीकडच्या गल्लीत बघा’ असं उत्तर मिळायची शक्यता जास्त. पण कपाट तेवढं उघडायला लावा. चेकबुक, पासबुक, कुणाचा तरी पासपोर्ट, खत-बियाण्याच्या दुकानाची पावती, थोरल्याचं टायपिंगचं सर्टिफिकेट. गडी यातल्या प्रत्येकात दडून बसलेला असतो.

मोनोस्पेस म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारा फॉन्ट. इंग्रजी आय कितीही काटकुळा असो आणि डब्ल्यू कितीही ढेरपोट्या, दोघांच्या वाट्याला रुंदी तेवढीच. ठिपक्यांच्या रांगोळीसारखा मामला: ठिपके आधी, आकृती नंतर. प्रोग्रामर लोक हा फॉन्ट दिवसभर डोळ्यांसमोर घेऊन बसतात, म्हणून तो त्यांचाच आहे असा समज झाला. प्रत्यक्षात तो बँकेत आणि कचेरीत आधी आला, कोडिंगवाल्यांकडे फार नंतर.

कपाटातले पुरावे

चेकच्या तळाशी ते जाडजूड, कुठे फुगलेले, कुठे बारीक झालेले आकडे असतात ना, त्यांच्या घडणीचं नाव ई-१३बी. यातलं १३ म्हणजे ०.०१३ इंच, आकड्यांच्या रेषा या मापाच्या चौकटीत आखलेल्या असतात. एका इंचात बरोबर ८ आकडे. शाईत चुंबकीय कण असतात आणि यंत्र आकडा ‘बघत’ नाही, चुंबकत्वाच्या चढउतारावरून ओळखतं. म्हणून तर त्यावर सही घसरली किंवा शिक्का बसला तरी चेक सहसा वाचला जातो. या फॉन्टात सगळी मिळून १४ चिन्हं आहेत, १० आकडे आणि ४ खुणा. जगातल्या सगळ्यात गरीब फॉन्टांपैकी हा एक, आणि पैसा मात्र याच्या हातून केवढा तरी जातो.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या रांगा असलेल्या दोन ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत ४४ जागा. नाव छोटं असेल तर उरलेल्या जागांत बाणाची टोकं भरायची, पण ४४ म्हणजे ४४. हा फॉन्ट ओसीआर-बी. एड्रियन फ्रुटिगर या स्विस अक्षरकाराने तो १९६८ मध्ये केला, तोही यंत्राला वाचता यावा आणि माणसाला टोचू नये अशा बेताने. त्याच्याच वयाचा ओसीआर-ए बघितलात तर फरक कळेल. तो माणसांचा विचार न करता काढलेला दिसतो.

दुकानातल्या पावतीचा कागद बहुतेक ५८ मिलिमीटर रुंद असतो. त्या छोट्या प्रिंटरच्या नेहमीच्या फॉन्टात एका ओळीत ३२ इंग्रजी अक्षरं मावतात. मालाचं नाव, नग, दर, रक्कम, सगळं त्या ३२ घरांत कोंबायचं. पावतीवर ‘सोयाबीन’चं इंग्रजी स्पेलिंग मध्येच तुटलेलं दिसलं तर त्याचा दोष दुकानदाराला देऊ नका.

पाचवं घर कायम शून्याचं

आता पासबुकावरचा आयएफएससी कोड काढा. ११ घरं. पहिली ४ बँकेची इंग्रजी अक्षरं, शेवटची ६ शाखेची, आणि मधलं पाचवं घर कायम शून्य. पुढेमागे लागेल म्हणून राखून ठेवलेली ती जागा. आता त्याच जागी किती लोक ‘ओ’ लिहितात ते कोणत्याही बँकेतल्या आरटीजीएसच्या खिडकीशी उभं राहून बघा. बिचाऱ्यांचा इलाज नाही. छापणाऱ्याने असा फॉन्ट वापरलेला असतो की शून्य आणि ओ जुळे भाऊ वाटावेत.

पॅनची रचना यापेक्षा शहाणी. १० घरांपैकी पहिली ५ अक्षरं, मग ४ आकडे, शेवटी १ अक्षर. कुठे अक्षर, कुठे आकडा हे ठरलेलं, त्यामुळे फॉन्ट आंधळा असला तरी घराच्या नंबरावरून उलगडा होतो. पासवर्डात मात्र अशी सोय नाही, आणि प्रोग्राममध्ये तर अजिबातच नाही.

म्हणून कोडिंगचा फॉन्ट निवडताना पहिली चाचणी हीच. शून्य आणि ओ. एक, लहान एल आणि मोठा आय. पाच आणि एस. आठ आणि बी. शिवाय आर-एन जवळ आले की एम वाटतात का, तेही बघायचं. चांगले फॉन्ट शून्याला खूण करतात. कन्सोलास आणि इनकन्सोलाटा शून्याच्या पोटातून तिरकी रेघ काढतात, सोर्स कोड प्रो आणि आयबीएम प्लेक्स मोनो पोटात ठिपका देतात. तिरक्या रेघेचीही एक गंमत आहे. डॅनिश आणि नॉर्वेजियन वर्णमालेत रेघ मारलेला ओ हे चक्क वेगळं अक्षर आहे, त्यामुळे तिकडच्या लोकांना ठिपका बरा.

हा घोळ मुळात आला कुठून? टाइपरायटरवरून. जुन्या इंग्रजी यंत्रांपैकी कित्येकांवर एकची कळच नसायची. लहान एल मारा, भागतंय. काहींवर शून्यही नसायचं, मोठा ओ मारायचा. एक कळ वाचली, यंत्र स्वस्त झालं, आणि पुढच्या शंभर वर्षांची डोकेदुखी पक्की झाली.

१९५५: दोन जन्म

टाइपरायटरचा गाडा प्रत्येक ठोक्याला सारखाच सरकतो, म्हणून अक्षरांना सारखीच जागा. हे सौंदर्यासाठी ठरवलेलं नव्हतं, यंत्राला दुसरं काही जमतच नव्हतं. पायका मापात इंचाला १० अक्षरं, एलीट मापात १२.

१९५५ साली आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी कुरियर नावाचा फॉन्ट काढला. नाव आधी ‘मेसेंजर’ ठरत होतं, म्हणजे निरोप्या. मग त्याची बढती होऊन तो कुरियर झाला. आयबीएमने त्यावर हक्क सांगितला नाही, त्यामुळे तो जगभर फुकट पसरला. अमेरिकेचं परराष्ट्र खातं २००४ पर्यंत आपली कागदपत्रं कुरियर न्यूमध्ये काढत होतं. हॉलिवूडची पटकथा आजही १२ पॉइंट कुरियरमध्येच लिहितात. त्या मापात एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा तिथला ठोकताळा. मुंबईच्या गोरेगावात फिल्मसिटीत जे चालतं, त्याचा या फॉन्टशी असा संबंध. चला, त्या गोरेगावालाही काहीतरी मिळालं.

त्याच १९५५ मध्ये मुंबईत गोदरेजने पहिला संपूर्ण भारतीय टाइपरायटर तयार केला. पुढची पन्नासेक वर्षं तहसीलपासून कोर्टाच्या ओट्यावरच्या अर्जनविसापर्यंत त्याचा खडखडाट चालला. २०११ मध्ये ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशा बातम्या गोदरेजच्या नावाने झळकल्या. गोदरेजने उत्पादन थांबवलं होतं हे खरं; जगातला शेवटचा कारखाना हे खोटं, कारण दुसरीकडे यंत्रं बनतच होती.

मराठी टाइपरायटर ही तर करामतच होती. अख्खी बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, आणि कळा मात्र इंग्रजी यंत्राएवढ्याच. मग तोड काय काढली? रेमिंग्टन पद्धतीच्या कळपाटावर ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरं पूर्ण नव्हतीच. अर्धं अक्षर मारा, मग काना मारा, झालं पूर्ण. म्हणजे ‘बाण’ लिहिताना ण ला दोन ठोके. मात्रा, उकार, अनुस्वार यांच्यासाठी गाडा न सरकवणाऱ्या कळा होत्या. मात्रा उमटायची, गाडा मात्र जागचा हलायचा नाही. ज्यांनी त्यावर हात बसवला ते लोक आजही संगणकावर रेमिंग्टन कळपाटच मागतात. इनस्क्रिप्ट कळपाट शिका म्हटलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा आता संगणकावर होते. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं सर्टिफिकेट मात्र अजून लागतं. सेनगाव-हिंगोलीकडची पोरं त्यासाठी आजही क्लास लावतात. गाडा गेला, वेग राहिला.

८० चा आकडा आला कुठून?

प्रोग्रामची ओळ ८० अक्षरांपेक्षा लांब नको, हे नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतात. का, ते कुणी सांगत नाही. आयबीएमने १९२८ मध्ये भोकं पाडायचं जे कार्ड काढलं, त्यात ८० उभे रकाने होते. मग पडदे आले, तेही ८० अक्षरं रुंद. १९७८ चा व्हीटी-१०० हा टर्मिनल ८० बाय २४ चा. कार्ड गेलं, पडदा पातळ झाला, ८० चिकटून राहिला. पायथन भाषेची नियमावली तर ७९ वर थांबते. लिनक्सच्या मंडळींनी २०२० मध्ये धीर करून मर्यादा १०० वर नेली, तेही भरपूर वादावादीनंतर. बँकांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरसुद्धा छोट्या यंत्राचं माप ८० रकान्यांचंच.

बायोडेटा झटपट

मोनॅको: १९८४ च्या मॅकिंटॉशबरोबर आला. तो काढला सुझन केअर यांनी. मॅकची ती हसऱ्या संगणकाची आणि कचरापेटीची चित्रंही त्यांचीच.

कन्सोलास: लुकास द ग्रूट यांचा, विंडोज व्हिस्टाबरोबर आला. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपवर आधीपासून असतो, तरी अर्धी पोरं कुरियर न्यूमध्ये डोळे फोडत बसतात.

इनकन्सोलाटा: राफ लेव्हियन यांनी कन्सोलासवर जीव जडल्यावर केला. नावातली कोटी उघड आहे.

आयोसेव्का: सडपातळ. बाकीचे रुंद आहेत असं याला बघितल्यावर कळतं.

जेटब्रेन्स मोनो: २०२० चा. लहान अक्षरं मुद्दाम उंच ठेवली आहेत, त्यामुळे छोट्या आकारातही दिसतात.

मोनास्पेस: गिटहबने २०२३ मध्ये काढलेली पाच भावंडं, नावं निऑन, अर्गॉन, झेनॉन, रेडॉन, क्रिप्टॉन. दहावीचं आवर्तसारणीचं पाठांतर कुणाच्या तरी कामी आलं. यात एम ला जागा कमी पडली तर शेजारच्या आय कडून उसनी मिळते. चौकट तीच, शेजारधर्म नवा.

कॉमिक कोड: होय, लग्नाच्या बॅनरवर दिसणाऱ्या कॉमिक सॅन्सच्या धाटणीचा कोडिंग फॉन्ट. तोशी ओमागारी यांचा. हसू नका, वापरणारे त्याचे निष्ठावंत आहेत.

यातले जेटब्रेन्स मोनो, मोनास्पेस, इनकन्सोलाटा, आयोसेव्का हे फुकट आणि खुल्या परवान्याचे. सोर्स कोड प्रो, फिरा कोड, प्लेक्स मोनो, मायक्रोसॉफ्टचा कॅस्केडिया कोडही तसेच. चोरीचा फॉन्ट शोधत बसायचं कारणच उरलेलं नाही.

१३६६ चा हिशेब

पुस्तकी सल्ले बाजूला ठेवू आणि प्रत्यक्ष हातातल्या यंत्रावर येऊ. गावाकडे कॉलेजच्या पोरांकडे जुना, पंधरा इंची, १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा लॅपटॉप फार दिसतो. अशा पडद्यावर फॉन्टचा आकार १६ ठेवला तर काय होतं? कुरियर, फिरा कोड, सोर्स कोड प्रो, जेटब्रेन्स मोनो या सगळ्यांचं एक घर आकाराच्या ०.६ पट, म्हणजे ९.६ पिक्सेल रुंद. आडवी १४२ घरं. कन्सोलासचं घर ०.५५ पट, म्हणून १५५ घरं. आयोसेव्का अर्ध्यावर, १७० घरं. म्हणजे आयोसेव्कात ८० रकान्यांच्या दोन फाइली शेजारी-शेजारी जवळजवळ पूर्ण मावतात. कुरियरमध्ये दुसरीचं शेपूट बाहेर राहतं.

जुन्या पडद्याला आणखी एक पथ्य. बारीक, नाजूक वजनाचे फॉन्ट महागड्या पडद्यावर देखणे दिसतात, इथे त्यांची रेघ अर्धवट राखाडी होते. नेहमीचं वजन घ्या, ओळींमध्ये अक्षराच्या उंचीच्या साधारण दीडपट अंतर ठेवा. काळ्या पार्श्वभूमीचं वेड असेल तर असू द्या, पण पत्र्याखाली दुपारी बसून काम करायचं असेल तर पांढरीच बरी.

त्यांना जोडाक्षर सापडलं

२०१४ मध्ये निकिता प्रोकोपोव्ह यांनी फिरा कोड आणला आणि प्रोग्रामर मंडळी हरखून गेली. ‘पेक्षा लहान’ची खूण आणि ‘बरोबर’ची खूण शेजारी टाइप केली की दोन्ही मिळून एकच देखणं चिन्ह दिसू लागलं. दोन चिन्हं जवळ आली की त्यांचं रूप बदलतं, याचं केवढं कौतुक! पहिलीत क्ष आणि ज्ञ गिरवलेल्या मराठी पोराला यात नवल वाटायचं कारण नाही.

एक बारकावा मात्र आहे. फिरा कोडचं जोडचिन्ह दोन घरांचंच राहतं, चौकट मोडत नाही. आणि फाइलमध्ये खरी अक्षरं दोनच असतात, बदलतं ते फक्त दिसणं. शिकाऊ मुलांनी मात्र सुरुवातीला ही सोय बंद ठेवावी. काय टाइप करायचं हे हाताला कळेपर्यंत डोळ्यांना फसवू नये.

५, ८ की ११?

आता खरा पेच. आपली देवनागरी या चौकटीत बसते का?

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. सरकारी अनुदानाच्या प्रत्येक मेसेजमध्ये तो असतोच. आपल्या डोळ्याला अक्षरं दिसतात ५: शे, त, क, ऱ्यां, ना. संगणकाच्या साठवणीत त्याचे तुकडे ११, कारण मात्रा, काने, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळे स्वतंत्र मोजले जातात. आणि टर्मिनलच्या त्या काळ्या खिडकीत जुन्या हिशेबाने याला घरं लागतात ८, कारण काना घर अडवतो, मात्रा अडवत नाही. एकाच शब्दाची तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. मग तक्त्यातले रकाने वाकडे होणार नाहीत तर काय?

मोबाइलवरही याची किंमत मोजावी लागते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठी एसएमएसमध्ये ७०. त्यातली ११ एकट्या ‘शेतकऱ्यांना’ने खाल्ली. हिंगोली आणि गोरेगाव यांचं वजन मात्र संगणकाच्या तराजूत अगदी सारखं. दोन्हीचे तुकडे ७-७, जागा २१-२१ बाइट. जिल्ह्याचं ठाणं आणि गाव यांना एका पारड्यात बसवणारं एवढंच एक खातं असेल.

पायथनमध्ये चलाचं नाव थेट मराठीत ठेवता येतं. ‘भाव’, ‘क्विंटल’ अशी नावं बिनतक्रार चालतात. ‘१२३’ हे मराठी आकडे अवतरणात घालून त्यांची संख्या कर म्हटलं तर तेही तो करतो. अवतरणाशिवाय लिहिले तर मात्र नियम दाखवतो.

फॉन्ट मात्र इथे हात वर करतात. कन्सोलास, फिरा कोड, जेटब्रेन्स मोनो, सोर्स कोड प्रो, यांच्यात देवनागरी नाहीच. तुम्ही कोडमध्ये मराठी टिपण लिहिलंत की संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून अक्षरं उसनी आणतो, विंडोजवर निर्मला किंवा मंगल. यातला मंगल आपल्या र. कृ. जोशींचा. मुंबईचे हे सुलेखनकार देवनागरीला संगणकात मानानं बसवण्यासाठी आयुष्यभर झटले. कोडच्या मध्ये अचानक एक ओळ गुबगुबीत, वेगळ्या उंचीची दिसली आणि ती मंगलमधली असेल, तर जोशींच्या घरची पाहुणी समजा.

यंत्राच्या चौकटीत लिपी बसवायची खटपट आपल्याकडे जुनी आहे. सावरकरांनी इ, ई, उ ऐवजी अि, अी, अु लिहा म्हणून आग्रह धरला, त्यामागे छपाईचे खिळे कमी करणं हेही कारण होतं. ‘किर्लोस्कर’ मासिकात ती पद्धत बरीच वर्षं दिसायची. यंत्र सुधारलं आणि अ ची बाराखडी मागे पडली. आता तर अक्षरानुसार रुंदी बदलणारं तंत्र हाताशी आहे. देवनागरीला एका घरात डांबण्याऐवजी एक, दीड, दोन अशी ठरलेली घरं देणारा, शून्य आणि ठ, ६ आणि ई, भ आणि म यांचा घोळ न घालणारा चांगला कोडिंग फॉन्ट मुंबई-पुण्याच्या अक्षरकारांनी मनावर घ्यावा. काम अवघड आहे, पण मागणी वाढतेच आहे.

औंढ्याच्या माळावर

मागणी कुठली, म्हणाल, तर जिल्ह्यातलीच बघा. औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. ४-४ किलोमीटरचे दोन बाहू, २०२३ मध्ये मंजूर झालेले सुमारे २६०० कोटी रुपये. २०१५ साली अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी पहिली लहर टिपली. तिची आकडेवारी सगळ्यांसाठी खुली आहे आणि ती तपासायची साधनं पायथनमध्ये आहेत. गोरेगावातल्या पोराने जुन्या लॅपटॉपवर ती उतरवून दोन कृष्णविवरांच्या टकरीचा आलेख काढला, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त शून्य आणि ओ नीट दिसायला हवेत.

डिझाइनवाल्यांसाठी दोन शब्द

हळदीच्या लिलावाचा भावफलक, दुकानाचं दरपत्रक, स्पर्धेचं गुणपत्रक, इथे आकड्याखाली आकडा आलाच पाहिजे. तिथे मोनोस्पेस घ्या, किंवा नेहमीच्या फॉन्टातली सारख्या रुंदीच्या आकड्यांची सोय चालू करा. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत ती असते, कुणी उघडून बघत नाही. तंत्रज्ञानाचा आव आणायला शीर्षकात मोनोस्पेस घालण्याची सध्या लाट आहे, एखाद्या छोट्या पट्टीपुरती ती ठीक. अख्खा परिच्छेद मात्र त्यात कधीच लावू नका. आय आणि एल भोवती भोकं पडतात, वाचणारा चौथ्या ओळीला पळतो. लग्नपत्रिकेत तर अजिबात नको. पाहुण्यांना ती वीजबिलासारखी वाटेल.

बाकी नवा फॉन्ट टाकलात की आधी एकच करा. पासबुक समोर ठेवून आपला आयएफएससी कोड त्यात टाइप करा आणि हात लांब करून बघा. पाचव्या घरातलं शून्य शून्यच दिसलं तर फॉन्ट ठेवा. ओ दिसला तर लगेच काढून टाका.